लहान पाइपाची पारख

इंग्लंडांत शेत नांगरतांना किंवा जुन्या घराचा पाया खणतांना मातींतून कधीं कधीं एक चिमुकली पांढरी वस्तु वर येते. ती असते भाजलेल्या मातीच्या पाइपाची वाटी. तिच्या पोकळींत करंगळीचें टोंक जेमतेम शिरावें, एवढाच तिचा आकार. खेड्यांतील लोकांना ही वस्तु माणसाच्या वापराची असेल हें खरें वाटत नसे. म्हणून त्यांनीं तिला ‘परीचा पाइप’ असें नांव दिलें होतें. ह्या वाट्या सोळाव्या शतकाच्या अखेरच्या व सतराव्याच्या आरंभींच्या आहेत, आणि त्या लहान असण्याचें कारण परीकथेंतील नसून बाजारांतील आहे. तंबाखू त्या वेळीं फार महाग होती. जॉन ऑब्रे ह्या सतराव्या शतकांतील चौकस लेखकानें लिहून ठेविलें आहे कीं, पूर्वीं तंबाखू रुप्याच्या भारोभार विकली जाई, आणि त्याच्या शेजारचे वृद्ध शेतकरी बाजारीं गेले म्हणजे तराजूंत तंबाखूसमोर ठेवण्याकरितां आपल्याजवळचे मोठ्यांत मोठे शिलिंग निवडून काढीत.

हा जुना पाइप लहान होता, पण कोंदट नव्हता. १९५४ सालीं जे. सी. हॅरिंग्टन ह्या अमेरिकन पुराणवस्तुसंशोधकानें जेम्सटाउन वगैरे जुन्या वसाहतींच्या जागीं सांपडलेल्या मातीच्या नळ्यांचे तुकडे तपासून त्यांच्या भोंकांचीं मापें प्रसिद्ध केलीं. १६२० च्या पूर्वींच्या नळींत भोंक बहुधा इंचाच्या नऊ-चौसष्टांश, म्हणजे सुमारें साडेतीन मिलिमीटर असतें. पुढें नळी लांबत गेली तसतसें तें अरुंद होत जाऊन अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चार-चौसष्टांशांवर आलें. पुराणवस्तुसंशोधकांना ह्या मापांचा उपयोग जागेचा काळ ठरविण्याकडे होतो. पाइप ओढणाऱ्याला त्यांत निराळाच बोध आहे. वाटी लहान, परंतु धुराची वाट मोकळी, अशी ती जुनी रचना होती. आणि आजच्या चांगल्या लांकडी पाइपाचें भोंकही साडेतीन ते चार मिलिमीटरांचेंच असतें. लहान वाटीला लहान भोंक शोभेल, असा जो विचार खरेदी करणाऱ्याच्या मनांत सहज येतो, तो चारशें वर्षांपूर्वींच्या कुंभारांच्या मनांत आला नव्हता.

लहान पाइप किती वेळ पुरतो? शेरलॉक होम्सचें नांव निघालें कीं मोठा, वांकडा, भोपळ्याचा पाइप डोळ्यांपुढें येतो. पण तो रंगभूमीनें व चित्रपटांनीं त्याच्या तोंडीं दिलेला आहे, कॉनन डॉइलच्या कथांत भोपळ्याच्या पाइपाचा उल्लेख नाहीं. १८९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या लाल केसांच्या मंडळीच्या कथेंत होम्स आपल्या मित्राला सांगतो कीं, हें कोडें तीन पाइपांचें आहे व पन्नास मिनिटें आपल्याशीं कोणी बोलूं नये. मग तो खुर्चींत गुडघे पोटाशीं घेऊन बसतो आणि आपला काळा मातीचा पाइप पेटवितो. पन्नासाला तिनानें भागल्यास एका पाइपास सुमारें सतरा मिनिटें पडतात. मोठा ब्रायर पाइप सावकाश ओढणाऱ्यास पाऊण तास, कधीं तास देखील पुरतो. म्हणजे त्या विख्यात गुप्त पोलिसाचें कठीण काम लहान पाइपावरच उरकत होतें.

अशा पाइपाची गरज अनेकांना वाटते. कोणास फुरसतच पाव तासाची असते. कोणाचे दांत गेलेले असतात व जड पाइप कवळींत धरवत नाहीं. परंतु सर्वांत अधिक निकड असते ती, डॉक्टरांनीं तंबाखू सोडावयास सांगितली असतांही ती सुटत नाहीं म्हणून दिवसास एका पाइपावर येऊन ठेपलेल्या वयस्क गृहस्थास. येथें एक गोष्ट आडपडदा न ठेवतां सांगितली पाहिजे. पाइपाचा धूर बहुतेक लोक छातींत घेत नाहींत, म्हणून तो निरुपद्रवी आहे, ही जुनी समजूत खोटी ठरली आहे. ओंठ, तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका व फुप्फुस ह्यांचे कर्करोग पाइप ओढणारांना न ओढणारांपेक्षां अधिक होतात, आणि वाटी लहान केल्यानें हा धोका नाहींसा होत नाहीं. ज्यानें अद्याप तंबाखूस हात लावलेला नाहीं त्याला ह्या पारखेची कांहींच जरूर नाहीं. पण ज्याची संवय तीस-चाळीस वर्षांची आहे व ज्यानें स्वतःशीं एकाच पाइपाचा करार केला आहे, त्याचें प्रकरण वेगळें. तो एक पाइप गरम, ओला आणि कडवट निघाला तर समाधान होत नाहीं. समाधान झालें नाहीं म्हणजे दुसरा भरला जातो. आणि करार आठवड्याच्या आंत मोडतो. लहान पाइप वाईट निघणें हें अशा मनुष्यास केवळ पैशाचें नुकसान नसतें.

दुकानाच्या कांचेमागें ‘लहान’ ह्या एकाच शब्दाखालीं दोन अगदीं भिन्न जाती मांडलेल्या असतात. एकींत वाटी नेहमींच्या मापाची असून नळी तेवढी छाटलेली असते. दुसरींत नळी पुरती लांब असून वाटी लहान असते. पहिली जात खिशाला सोयीची. मजूर, खलाशी व शिपाई ह्यांची ती एके काळीं फार आवडती होती, कारण दोन्ही हात कामांत गुंतले असतांही ती दांतांत धरून ठेवतां येई. पण फ्रेंचांनीं तिला जें ‘ब्रूल-गल’ असें नांव दिलें त्याचा अर्थ थोबाड भाजणारी असा आहे, आणि इंग्रज तिला नाक शेकणारी म्हणतात. ह्या दोन नांवांत तिची परीक्षा आली. धूर नळींतून येतां येतां निवतो व त्यांतील कांहीं ओलावा वाटेंतच राहतो; वाटच नसेल तर धूर निवावा कोठें? ज्याला थोडी तंबाखू सुखानें ओढावयाची आहे त्यानें दुसरी जात पहावी. टोंकापासून टोंकापर्यंत साडेबारा ते साडेतेरा सेंटिमीटर लांबी व सुमारें पंचवीस-तीस ग्रॅम वजन, एवढ्यांत उत्तम लहान पाइप बसतो. हें वजन दांतांना कळत देखील नाहीं.

वाटीच्या बाहेरच्या आकारावरून आंतील पोकळीचा अंदाज करूं नये. बाहेरून गलेलठ्ठ दिसणाऱ्या वाटींत कधीं कधीं थोडीच जागा असते, तर नाजूक दिसणाऱ्या वाटीच्या भिंती कागदासारख्या कोरून आंत मोठें विवर केलेलें असतें. ह्यासाठीं खिशांत एक लहान मोजपट्टी असावी. ती बाहेर काढण्यांत कमीपणा नाहीं. नेहमींच्या पाइपाची पोकळी सुमारें २० मिलिमीटर रुंद व ३५ मिलिमीटर खोल असते. तिच्या ऐवजीं १६ मिलिमीटर रुंद व २८ मिलिमीटर खोल अशी पोकळी घेतली तर डोळ्यांना फारसा फरक दिसत नाहीं. पण वर्तुळाचें क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतें. पहिल्या पोकळींत सुमारें ११ घन सेंटिमीटर जागा आहे, दुसरींत साडेपांच. म्हणजे तंबाखू निम्मी झाली. ह्याहून फार खालीं उतरण्यांत मात्र लाभ नाहीं. चौदा मिलिमीटरांपेक्षां अरुंद वाटींत तंबाखू सारखी दाबली जात नाहीं. निखारा मधोमध एक विवर करून खालीं पळतो व कडेची तंबाखू तशीच कोरी राहते.

आतां खऱ्या परीक्षेचें स्थान, म्हणजे धुराची वाट. ज्यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांत चिलीम भरतांना पाहिली आहे त्यांना हें लौकर समजेल. चिलमींत तंबाखूच्या खालीं एक खडा बसवितात. तो तंबाखूला अडवितो, पण त्याच्या कडेनें धुराला वाट राहते. खडा फार घट्ट बसला तर दम लागत नाहीं, सैल बसला तर तंबाखूची पूड तोंडांत येते. म्हणून जाणता मनुष्य खडा निवडण्यांत वेळ घालवितो. पाइपांत खडा नसतो. त्याचें काम भोंकाच्या जागेनें व मापानेंच व्हावयाचें असतें, आणि तें एकदां चुकलें कीं घेणाऱ्याला दुरुस्त करतां येत नाहीं.

भोंक पोकळीच्या अगदीं तळाशीं व बरोबर मध्यावर उघडलें पाहिजे. वाटी उजेडाकडे तिरपी धरून आंत पाहिलें कीं हें दिसतें. तें तीन मिलिमीटर वर असलें तर त्याच्या खालची तंबाखू कधींच नीट जळत नाहीं. ओलें गुल होऊन तळाशीं बसते. ३५ मिलिमीटर खोल पाइपांत ही नासाडी बाराव्या हिश्श्याच्या जवळपास असते, २८ मिलिमीटर खोल पाइपांत ती दहाव्या हिश्श्यावर जाते. कारागिराच्या हातून घडणारी चूक तेवढीच असते, पण मोठ्या पाइपाला ती पचते व लहानाला पचत नाहीं. लहान पाइप मोठ्यापेक्षां स्वस्त असावा ही अपेक्षा ह्याच कारणानें गैर आहे.

नंतर पाइप साफ करण्याची कापसाची तार मागून घ्यावी व ती तोंडाकडून आंत सारावी. चांगल्या पाइपांत ती कोठेंही न अडतां वाटीच्या तळाशीं डोकें काढते. वांकड्या पाइपांत ती बहुधा वळणावर अडते, कारण देठाचें भोंक व नळीचें भोंक एका रेषेंत मिळालेलें नसतें. म्हणून लहान पाइप शक्यतों सरळ, फार तर किंचित् बांकाचा घ्यावा. मग रिकामा पाइप तोंडाला लावून, दुकानदाराची परवानगी असल्यास, सावकाश श्वास ओढून पहावा. वारा निमूटपणें आला पाहिजे. शीळ वाजली तर कोठें तरी वाट आवळलेली आहे. हॅरिंग्टननें मातीच्या नळ्या मोजण्याकरितां चौसष्टांश इंचाच्या चढत्या मापाचीं ड्रिलचीं पातीं वापरलीं होतीं. तशाच एका पात्याची गुळगुळीत बाजू देठांत सरकवून पाहणारे चोखंदळ गिऱ्हाईकही असतात. दुकानदाराच्या चेहऱ्याकडे त्या वेळीं न पाहिलेलें बरें.

नळी देठांत ज्या जोडानें बसते तो जोड म्हणजे सुताराच्या भाषेंत कुसूं आणि खोबण. कुसूं खोबणीच्या तळापर्यंत पोहोंचलें पाहिजे. तें आखूड पडलें तर मध्यें एक पोकळ जागा राहते, तेथें धूर पसरून थंड होतो, त्यांतील पाणी सांचतें, आणि पांच मिनिटांनीं गुडगुडीसारखा आवाज येऊं लागतो. गुडगुडींत तो आवाज हवा असतो, पाइपांत नको असतो. दोन भाग दुकानदाराकडून वेगळे करवून कुसवाची लांबी व खोबणीची खोली ताडून पहावी. कित्येक पाइपांत ह्याच ठिकाणीं नऊ मिलिमीटर जाडीची गाळणी बसविण्याची सोय असते. मोठ्या पाइपांत तिच्याविषयीं वाद करतां येईल. लहान पाइपाचा देठ तिच्यासाठीं जाड करावा लागतो, तो बेढब दिसतो, व झुरकाही मंदावतो.

भिंतीची जाडी सहा मिलिमीटरांहून कमी नसावी. सोळा मिलिमीटर पोकळीला सहा-सहा मिलिमीटरांच्या भिंती धरल्या तर वाटीची बाहेरची रुंदी अठ्ठावीस मिलिमीटर होते, आणि हेंच लहान पाइपाचें प्रामाणिक माप होय. त्याहून सडपातळ पाइप सुंदर दिसतो, पण दहाव्या मिनिटाला हातांत धरवत नाहीं. तळही तितकाच जाड हवा, कारण शेवटचा निखारा तेथेंच बसतो.

लांकूड म्हणजे बहुधा ब्रायर, आणि तें मिळतें ‘एरिका आर्बोरिया’ ह्या भूमध्यसमुद्राच्या कांठच्या झुडपापासून. ब्रायर हें इंग्रजी नांव ‘ब्रुएर’ ह्या फ्रेंच शब्दावरून आलें. कॉर्सिका, सार्डिनिया, कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया ह्या भागांतील कोरड्या टेकड्यांवर हें झुडूप वाढतें. मुळें व खोड ह्यांच्या मध्यें जमिनींत त्याला एक गांठ येते. ती मोठी व कठीण होण्यास कित्येक दशकें लागतात. ती खणून काढून, कापून, तिचे ठोकळे कित्येक तास पाण्यांत उकळतात, म्हणजे आंतील तुरट रस निघून जातो. नंतर तीं महिनेच्या महिने, कधीं वर्षेंच्या वर्षें, सावलींत वाळत पडतात. ही गांठ लांकूड असूनही सहसा पेट घेत नाहीं. फ्रान्समधील जुरा पर्वतांत सेंट-क्लॉड नांवाचें गांव आहे. तेथील कातारी पूर्वीं लांकडी डब्या व देवादिकांच्या मूर्ति करीत. १८५० नंतरच्या दशकांत त्यांनीं ह्या गांठीचे पाइप कातण्यास आरंभ केला आणि पुढें हळूहळू मातीच्या पाइपाचा काळ संपत आला. उकळणें व वाळविणें ह्यांत जेथें घाई झाली असेल तेथें पहिल्या दहा-वीस पाइपांत कडू चव येते. ही घाई डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणूनच नांवलौकिक असलेल्या कारखान्याला चार पैसे अधिक द्यावे लागतात.

तुर्कस्तानांत एस्किशेहिरच्या आसपास जमिनींतून निघणाऱ्या पांढऱ्या मीरशॉम दगडाचा पाइप हलका, सच्छिद्र व ओढण्यास फार थंड. लहान मापांत तो ब्रायरपेक्षांही सरस ठरतो. पण हातून पडला कीं फुटला. अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत वॉशिंग्टन नांवाच्या गांवीं १८६९ पासून मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचे पाइप होतात. ते दिसण्यांत गांवढळ आहेत, परंतु अत्यंत स्वस्त, हलके आणि पहिल्या दिवसापासून गोड. आपल्याला लहान वाटी मानवते कीं नाहीं हेंच ज्याला प्रथम पहावयाचें असेल त्यानें ब्रायरच्या भरीस न पडतां असा एक बुरकुंडाचा पाइप महिनाभर वापरावा.

ब्रायरच्या पृष्ठभागाविषयीं जितकें बोललें जातें तितकें त्यांत तथ्य नाहीं. सरळ उभ्या रेषा, पक्ष्याच्या डोळ्यासारखीं वर्तुळें, हें सर्व पाहण्यास सुंदर असतें, त्याची किंमतही भारी असते. पण त्यामुळें धूर गोड होत नाहीं. उलट जो स्वस्त पाइप आरशासारखा चकाकतो त्याचा संशय धरावा. ब्रायरच्या गांठींत वाळूचे खडे अडकून खळगे राहतात. ते लुकणानें भरून वर गडद रंग व रोगणाचा जाड लेप दिला कीं दिसत नाहींत. लुकण कालांतरानें सुटून येतें व रोगणाला उष्णतेनें फोड येतात. ह्यापेक्षां वाळूच्या फवाऱ्यानें खरखरीत केलेला पाइप पतकरला. लंडनच्या डनहिल कंपनीनें १९१७ च्या सुमारास ही युक्ति प्रचारांत आणली. फवाऱ्यानें मऊ भाग झडून कठीण भाग तेवढा उरतो, पाइप हलका होतो, व बाहेरचा पृष्ठभाग वाढल्यामुळें उष्णता लौकर निघून जाते. हे दोन्ही गुण लहान पाइपाला हवेच आहेत, आणि चांगल्या कारखान्याचा असा खरखरीत पाइप त्याच कारखान्याच्या गुळगुळीत पाइपाहून बहुधा स्वस्त मिळतो.

दांतांखालीं येणारें टोंक पातळ असावें, चारएक मिलिमीटर; आणि त्याच्या तोंडाशीं भोंक आडवें पंख्यासारखें पसरलेलें असावें. व्हल्कनाइट दांतांना मऊ लागतें, पण उन्हांत व उजेडांत राहिलें कीं हिरवट पडतें. ॲक्रिलिक तसें पडत नाहीं, मात्र तें कठीण असतें. कवळी असलेल्यानें व्हल्कनाइटच घ्यावें.

पाइप घरीं आला म्हणजे त्याला लागणारी तंबाखू थोडी अधिक बारीक कुसकरून व थोडी अधिक सुकवून घ्यावी लागते. मोठ्या पाइपाच्या जाड कातरणीनें लहान वाटी भरली कीं तींत पोकळ्या राहतात. झुरके हलके व लांबलांब अंतरानें घ्यावे. आंत काजळीचा जो थर धरतो तो भिंतीचें रक्षण करतो, परंतु एक मिलिमीटरच्या पुढें जाऊं देऊं नये. दोन्ही बाजूंस दोन-दोन मिलिमीटर थर चढला तर सोळाची पोकळी बाराची होते, आणि हिशेब करून पाहिल्यास मूळच्या जागेपैकीं निम्म्याहून जरा अधिक एवढीच जागा शिल्लक राहते. पाइप गरम असतां नळी देठांतून उपटूं नये. खोबण सैल होते किंवा कुसूं मोडतें.

लहान पाइपाचा घात बहुतेक वेळां एकाच रीतीनें होतो. तो पंधरा-सतरा मिनिटांत संपतो, हात सहज डब्याकडे जातो, आणि तोच गरम, ओला पाइप पुनः भरला जातो. त्या दुसऱ्या भरण्यांत ना चव असते ना थंडपणा. शिवाय भिंत पातळ असल्यामुळें ती जळण्याचा संभव असतो. ब्रायरनें शोषलेला ओलावा वाळण्यास एक दिवस तरी लागतो. त्यामुळें करार दिवसास एका पाइपाचा असला तरी आज एक, उद्यां दुसरा, अशा पाळीसाठीं खरेदी मात्र दोन पाइपांची करावी लागते. आणि तंबाखू कमी करण्याकरितां दोन पाइप विकत आणले, हें घरांत कोणत्या शब्दांत सांगावयाचें तें ज्याचें त्यानें ठरवावें.